डिस्प्ले येईना झालाय

"दादा, पंखे फिरत्यात, लाइटी लागत्यात, पण डिस्प्ले येईना झालाय."

कोल्हापुरात राजारामपुरीच्या कॉम्प्युटर दुकानांत हे वाक्य ओळखीचं आहे. बोलणारा बहुधा कॉलेजातला पोरगा असतो. पैसे साठवून एकेक भाग घेतलेला, रात्र जागून घरीच सगळं जोडलेलं, आणि बटण दाबल्यावर समोर नुसता काळा पडदा. दुकानदार हातातलं काम न सोडता विचारतो, "सीपीयूची फोर प्लस फोर घातलीस का रं?"

न बघता विचारलेल्या या प्रश्नामागे पक्कं गणित आहे. बटण दाबल्यापासून पडद्यावर पहिलं अक्षर उमटेपर्यंत यंत्राच्या पोटात ओळीनं कितीतरी कामं होतात, आणि मागचं काम पुरं झाल्याची खात्री पटल्याशिवाय पुढचं सुरूच होत नाही. त्यामुळे यंत्र कुठवर येऊन थांबलं हे कळलं की बिघाड निम्मा सापडला. शिवाजी उद्यमनगरातला मुरलेला मेस्त्री बंद ऑइल इंजिनापाशी असाच उभा राहतो: डिझेल येतंय का, हवा मिळतेय का, दाब धरतोय का. याच गावात शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला होता. घरी यंत्र जोडायचं आणि ते चालेना झालं तर स्वतःच खोलून बघायचं, ही इथली जुनी खोड आहे.

तर त्या पोटातलं बघू. भिंतीवरचा स्विच चालू असला की बटण दाबायच्या आधीपासूनच कॉम्प्युटर थोडासा जागा असतो. एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जांभळ्या वायरीतून मदरबोर्डला ५ व्होल्ट अखंड मिळत असतात. कॅबिनेटवरच्या बटणाचा घरातल्या २३० व्होल्टशी काही संबंध नाही. ते बोर्डावरच्या दोन बारीक पिना क्षणभर एकमेकींना जोडतं, एवढंच. म्हणून तर दुकानातला कारागीर बटणाची वायर काढून त्याच दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावतो. यंत्र सुरू झालं तर दोष बटणाचा, किंवा वायर चुकीच्या पिनांवर बसलेली.

पिना जुळल्या की बोर्ड हिरव्या वायरीचा दाब शून्यावर ओढतो आणि एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्ट सोडू लागतो. (नव्या एसएमपीएसमध्ये बऱ्याचदा सगळ्याच वायरी काळ्या असतात, पण चोवीस पिनांच्या जागा ठरलेल्या आहेत.) तरीही प्रोसेसर हलत नाही. त्याला मुद्दाम रोखून धरलेलं असतं. सगळे दाब स्थिरावले की एसएमपीएस करड्या वायरीवरून निरोप देतो: वीज ठीक आहे. हा निरोप साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांनी येतो. आपल्याला हा वेळ जाणवतही नाही. पण ज्या प्रोसेसरचे सेकंदाला चारशे कोटी ठोके पडतात, त्याच्या हिशेबानं ही चाळीस कोटींहून जास्त ठोक्यांची प्रतीक्षा आहे.

फोर प्लस फोरचा प्रश्न इथे येतो. आजचा प्रोसेसर १२ व्होल्टवर चालत नाही, त्याला एक-सव्वा व्होल्ट पुरतो. पण १०० वॉट शक्ती सव्वा व्होल्टनं पुरवायची म्हणजे ८० अँपिअर प्रवाह हवा. घराच्या मेन एमसीबीवर बहुतेक ठिकाणी ३२ किंवा ४० अँपिअर लिहिलेलं असतं. त्याच्या दुप्पट प्रवाह एवढ्याशा प्रोसेसरमध्ये शिरतो! प्रोसेसरच्या सॉकेटभोवती जे चौकोनी ठोकळे रांगेनं बसवलेले दिसतात, ते १२ व्होल्टचा सव्वा व्होल्ट करणारं मंडळ आहे, आणि त्याला वीज पुरवायला बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात आठ पिनांचा वेगळा कनेक्टर असतो. चार-चार पिनांच्या दोन तुकड्यांचा, म्हणून फोर प्लस फोर. पंख्यांना वीज मोठ्या चोवीस पिनांतून मिळते. तेव्हा पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि प्रोसेसर मात्र उपाशी. घरच्या घरी जोडताना हा कोपऱ्यातला कनेक्टर राहून जाण्याचा प्रकार फार होतो.

वीज मिळाली, रोखही उठली. आता प्रोसेसरला काय ठाऊक असतं? विंडोज नाही, कीबोर्ड नाही, पडदा नाही, रॅमसुद्धा नाही. त्याला एकच पत्ता माहीत असतो. ३२ बिटांच्या पत्त्यांत चार गिगाबाइट मावतात. त्या टोकापासून १६ बाइट अलीकडची जागा, म्हणजे ४,२९,४९,६७,२८० क्रमांकाचा बाइट. पहिली आज्ञा तिथून उचलायची हे सिलिकॉनमध्येच कोरलेलं आहे. ही चालही जुनी. १९७८ च्या इंटेल ८०८६ ला एक मेगाबाइटपर्यंतचेच पत्ते कळायचे, आणि तोही शेवटून १६ बाइट अलीकडेच सुरुवात करायचा. सोळा बाइटांत फार काही मावत नाही, म्हणून तिथे बहुधा एकच आज्ञा असते: अमुक ठिकाणी उडी मार. ती उडी पडते बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये. त्यालाच आपण अजूनही बायोस म्हणतो. (आजच्या प्रोसेसरांत मुख्य गाभ्याच्याही आधी एक छोटा सुरक्षा-प्रोसेसर उठतो, पण पत्त्याची रीत बहुतांशी टिकून आहे.)

यापुढचं काम मला सगळ्यात अद्भुत वाटतं: रॅमशी सूर जुळवणं. मदरबोर्ड उजेडात तिरका धरून प्रोसेसर आणि रॅमच्या खाचा यांच्यामधला भाग पाहा. तांब्याच्या केसाएवढ्या रेघा सरळ न जाता मध्येच नागमोडी वळणं घेतात. जी रेघ जवळच्या वाटेनं पोचली असती तिला मुद्दाम फिरवून लांब केलंय, कारण सोबतच्या रेघांमधले बिट एकाच वेळी पोचायला हवेत. डीडीआर-५ प्रकारची रॅम ६००० च्या वेगानं चालत असेल तर एका रेघेवरून सेकंदाला सहाशे कोटी बिट जातात. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला सेकंदाचा सहाशे कोटीवा भाग. तेवढ्या वेळात प्रकाशही पोकळीत पाच सेंटिमीटरच जातो, आणि बोर्डावरचा विजेचा संदेश त्याच्या निम्म्याच्या आसपास. पहिला बिट रॅमपर्यंत पोचायच्या आत त्याच्या मागे दुसरा, तिसरा बिट त्याच रेघेवरून निघालेला असतो.

इतक्या वेगात नागमोडी वळणंही पुरत नाहीत. प्रत्येक बोर्ड, प्रत्येक रॅमची पट्टी यांत किंचित फरक असतोच. म्हणून सुरू होताना यंत्र ठरावीक आकृतिबंध रॅममध्ये लिहितं, वाचून पाहतं, वेळ कणभर मागेपुढे सरकवतं, पुन्हा वाचतं. कुठून कुठपर्यंत उत्तर बरोबर येतं ते मोजून मधली जागा धरतं. हे रेघेगणिक चालतं. पहिल्यांदा जोडलेल्या डीडीआर-५ च्या यंत्राला यात काही मिनिटंसुद्धा लागतात, आणि तोवर पडदा काळाच. जोडणारा घाबरून बटण दाबून बंद करतो. पुन्हा चालू केलं की यंत्राची उजळणी पहिल्यापासून. अशा वेळी उत्तम दुरुस्ती म्हणजे चहा ठेवायला उठणं. एकदा जमलेली मापं यंत्र जपून ठेवतं, म्हणून पुढच्या वेळी एवढा वेळ जात नाही.

रॅम काढून खोडरबरानं घासायचा उपाय आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. गुण येतो तो खरा, पण श्रेय मला वाटतं खोडरबराचं कमी आणि काढून घालण्याचं जास्त. डीडीआर-४ किंवा डीडीआर-५ च्या पट्टीला २८८ संपर्कबिंदू असतात. पट्टी खाचेत सरकताना ते घासले जातात आणि वरचा मळ निघतो. सोनं गंजत नाही, पण त्याचा मुलामा फार पातळ असतो. वरचेवर रबर फिरवलं तर तो झिजायचा. आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा बोळा बरा. पट्टी बसवताना मात्र खटका नीट ऐकू आला पाहिजे. एकच पट्टी असेल तर बहुतेक बोर्डांवर ती प्रोसेसरकडून दुसऱ्या खाचेत घालायची.

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये सगळं ठीक असलं की एक छोटी शिटी वाजायची. आता अनेक बोर्डांवर कडेला चार बारके दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो दिवा लागून राहिला तिथे गाडी अडली. बाकी काही बघायच्या आधी मी हे दिवे बघायला सांगेन. व्हीजीएवर अडलं तर मॉनिटरची वायर कुठे खोचलीय ते पाहा. ग्राफिक्स कार्ड असताना ती बऱ्याचदा चुकून बोर्डाच्या मागे घातलेली असते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेर एफ असतो, त्यांच्यात चित्र दाखवण्याची सोयच नाही, त्यांना कार्ड लागतंच.

महाराष्ट्राच्या पहिल्यावहिल्या देशी बनावटीच्या कॉम्प्युटरला असे दिवे कुठले? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला टिफ्रॅक १९६० मध्ये कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते आणि आठवण होती २,०४८ शब्दांची. तिथे भाग उघडे होते. संशय आला तर तो व्हॉल्व्ह काढून दुसरा लावता यायचा. आजच्या प्रोसेसरमध्ये शेकडो कोटी ट्रान्झिस्टर एका झाकणाखाली बंद आहेत, आत बोट घालता येत नाही. म्हणून दिवे सांगतात तेवढ्यावर न भागलं तर सगळं उतरवायचं. बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवायचा, त्यावर प्रोसेसर, त्याचा पंखा, एकच रॅम, एसएमपीएस. चाललं तर एकेक भाग वाढवत जायचं. पुठ्ठ्यावर चालून कॅबिनेटमध्ये बंद पडत असेल तर बोर्डाखाली नको त्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ (बोर्डाला उचलून धरणारा खुंटा) शोधायचा. एसएमपीएसचं झाकण मात्र उघडू नये. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेहून जास्त व्होल्ट राहू शकतात.

कोल्हापूरला बिघाडाचं आणखी एक कारण सोसावं लागलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर गेली आणि तळमजल्यांत पाणी शिरलं. प्लग काढलेला असला तरी बोर्डावर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर-२०३२. तो ३ व्होल्ट देतच राहतो, घड्याळ चालू ठेवायला. ओल्या गाळातून तो प्रवाह वाहिला की तांब्याच्या रेघा हळूहळू खाल्ल्या जातात. भिजलेला बोर्ड वाचवायचा तर आधी हा सेल काढायचा, मग स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवायचा. उन्हात नुसता ठेवला तर पाणी उडतं आणि क्षार तिथेच राहतात. एरवीही सेल काही मिनिटं काढून परत घालणं उपयोगी पडतं: अनेक बोर्डांवर त्यानं बायोसमधली चुकीची सेटिंग पुसली जातात, आणि रॅमचा वेग हौसेनं वाढवून अडकलेलं यंत्र सुटतं.

या सगळ्यातून पार पडून पडद्यावर 'बूट करायला डिस्क सापडली नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली, तर पोरगा पुन्हा खट्टू होतो. त्यानं खरं तर नाचायला हवं. ती ओळ दिसायला एसएमपीएस, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि मॉनिटर सगळे जागेवर असावे लागतात. आता फक्त विंडोजचा पेनड्राइव्ह लावायचा राहिलाय.