बेटावर जायचंय? आधी वही काढा!

मुलांनो, २९ जून २०२४ ची रात्र तुमच्यापैकी किती जणांनी जागून काढली? आमच्या आजऱ्यात तर निम्मं गाव टीव्हीसमोर होतं. बार्बाडोसच्या मैदानावर आपल्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवलं आणि वीस षटकांचा विश्वचषक जिंकला. सूर्यकुमारनं सीमारेषेवर घेतलेला तो झेल सोमवारी आमच्या शाळेच्या मैदानावर मधल्या सुट्टीत दहा वेळा तरी घेऊन दाखवला गेला. दोघांचे गुडघे फुटले.

पण खरी गंमत पुढंच होती. जिंकलेला संघ घरी येईना! बेरिल नावाचं चक्रीवादळ बार्बाडोसच्या रोखानं आलं, विमानतळ बंद झाला आणि जगज्जेते खेळाडू हॉटेलात अडकून बसले. ते दिल्लीला पोचले ते थेट ४ जुलैला. ही बातमी मी वर्गात वाचून दाखवली, तेव्हा चौथीतल्या एकानं विचारलं, "बाई, मग रस्त्यानं का आले न्हाईत?"

सगळा वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. 'चारही बाजूंनी पाण्यानं वेढलेला भूभाग म्हणजे बेट' ही व्याख्या त्या मुलाला तोंडपाठ होती. परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी मिळाले असते. फक्त बेट त्यानं कधी पाहिलं नव्हतं. समुद्रही पाहिला नव्हता. आमच्याकडे डोंगर आहेत, चित्रीचं धरण आहे, हिरण्यकेशी नदी आहे. पण ही आमची नदी आंबोलीला उगम पावते आणि हाकेच्या अंतरावरच्या अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. आजऱ्यावरून घटप्रभेला, मग कृष्णेला मिळून पार बंगालच्या उपसागरात जाते. आता बोला!

त्या दिवशी आम्ही नकाशाचं पुस्तक काढलं. बार्बाडोस शोधायला भिंग लागलं. सगळं बेट मिळून लांबी ३४ किलोमीटर, म्हणजे साधारण आपलं आजरा ते आंबोली. रुंदी २३ किलोमीटर. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं असतं. म्हणून तर तिथं सकाळी साडेदहाला सुरू झालेला सामना आपण रात्री आठला पाहिला. "बाई, आपणपण बेटावर जायचं," मागच्या बाकावरून मागणी आली. बार्बाडोसला जाणं काही आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पण आजऱ्याहून एसटीनं सकाळी निघून दुपारच्या आत पोचता येईल असं एक बेट आहे, हे मी सांगितलं तेव्हा वर्गाचा विश्वास बसेना.

त्या बेटाचं नाव कुरटे. तुम्ही म्हणाल, हे कुठलं? अहो, मालवणचा सिंधुदुर्ग! किल्ला म्हणून तो सगळ्यांना माहीत असतो, पण तो उभा आहे एका बेटावर, आणि तिथं होडीशिवाय जाता येत नाही, हे आपण विसरतो.

आता एक कबुली देते. सिंधुदुर्गाची ही आमची पहिली सहल नव्हती. दोन वर्षांपूर्वीही मी मुलांना घेऊन गेले होते, आणि त्या सहलीत मुलांनी बेट पाहिलंच नाही. चूक माझी होती. एकदाच जायचं तर सगळं दाखवू, असा हव्यास मी धरला. आंबोलीला उतरलो, धबधब्याजवळ रेंगाळलो. सावंतवाडीला मोती तलाव झाला, लाकडी खेळण्यांची दुकानं झाली. रस्त्यात जेवण झालं. मालवणच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा सूर्य बुडायला आला होता आणि होड्या बंद झाल्या होत्या. चाळीस मुलं किनाऱ्यावर ओळीनं उभी राहून समोरच्या काळ्या तटाकडे बघत राहिली. सातवीतली एक मुलगी माझी समजूत घालत म्हणाली, "असू दे बाई. लांबनंच लई चांगला दिसतोय." तिची आई काजूच्या कारखान्यात कामाला. सहलीचे पैसे तिनं दोन हप्त्यांत भरले होते. ती मुलगी पुढं हायस्कूलला गेली. तिचं वाक्य माझ्या कानात राहिलं.

म्हणून या वेळी बेत मी एकटीनं आखला नाही. शंभर पानी वही आणली आणि वर्गाला सांगितलं, "सहल तुमची. तुम्हीच आखा." तुम्हीही घरच्यांबरोबर एखाद्या बेटावर पहिल्यांदाच जाणार असाल, मग ते मालवणचं असो नाहीतर पार कॅरिबियन समुद्रातलं, तर आमची वही तुम्हाला उपयोगी पडेल. प्रश्न बहुतेक तेच असतात.

पहिला प्रश्न, जायचं कधी? मुलं म्हणाली, "आत्ताच!" तेव्हा जुलै होता. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद ठेवतात. तिकडं कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. आपला संघ नेमका त्यातच सापडला. विश्वचषकाची तारीख काही खेळाडूंनी ठरवलेली नव्हती, पण आपली तारीख आपल्या हातात असते. म्हणजे बघा, हजारो मैलांवरची ही दोन बेटं, पण दोन्हीकडे जायला डिसेंबर चांगला. आमच्यासाठी डिसेंबर आणखी एका कारणानं सोयीचा. तोवर भाताची सुगी उरकत आलेली असते, घनसाळ घरात आलेला असतो आणि घरात दोन पैसेही असतात.

पैशांचा हिशेब सहावी-सातवीकडे दिला. त्यात एक गंमत कळली. समजा, गाडीचं भाडं १८,००० रुपये आहे. ४५ मुलं आली तर डोई ४०० रुपये पडतात. नऊ जण गळाले तर उरलेल्या ३६ जणांना तीच गाडी ५०० रुपयांना पडते. जेवणाचं आणि होडीचं तसं नसतं, जितकी माणसं तितकाच खर्च. म्हणून मुलांनीच ठरवलं, एकही जण गळता कामा नये. वर्गात पत्र्याचा गल्ला ठेवला. दर सोमवारी ज्याला जमेल तेवढे, पाच रुपये म्हणू नका, दहा म्हणू नका. कुणी किती टाकले ते कुणी विचारायचं नाही, हा नियमही मुलांचाच. पालकांनो, शाळेच्या सहलीला एसटी भाड्यात सवलत देते. मात्र आगारात अर्ज वेळेत द्यावा लागतो, आणि त्याआधी वरिष्ठांची परवानगी, तुमची संमतीपत्रं वगैरे कागद लागतात. संमतीपत्र दप्तरात चुरगळून ठेवणाऱ्या मुलामुळं सगळी सहल खोळंबते, बरं का!

मग वेळापत्रक. इथं मी मुलांना उलटं गणित घातलं. निघायचं कधी हे आधी ठरवायचं नाही, परतताना आंबोलीचा घाट उजेडात चढायचा हे आधी ठरवायचं. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो, वर घाटात धुकं. म्हणजे साडेपाचला आंबोलीत हवं. तर मालवण अडीचला सोडायला हवं. त्याआधी जेवण एक वाजता. म्हणजे साडेबाराला किल्ल्यावरून परतीची होडी. तटावरून फिरायला दोन तास तरी हवेत. असं मागं मागं येत आम्ही आजऱ्याच्या स्टँडवर पहाटे पाचला येऊन पोचलो! आणि मधली सगळी ठिकाणं? मुलांनी ती एकेक करून खोडली. मोती तलावावर काट मारताना मला जरा वाईट वाटलं. पण एका दिवसात एकच बेट.

भरती-ओहोटीचं पान मला सगळ्यांत आवडतं. कोकणात एक सोपा हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ अंदाजे कळते. आमची तारीख पंचमीला येत होती. पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याच्या सहा तास आधी, पावणेदहाला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. पौर्णिमेला सव्वाअकराला, आणि तीही उधाणाची, मोठी. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, कमी उतरतं. त्याला भांगाची भरती म्हणतात. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागं सरकते. दिनदर्शिका घेऊन हे करून बघा. घरच्यांना आधी उत्तर विचारा आणि मग सांगा!

आता जरा गंभीर गोष्ट. मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर एप्रिल २०१७ मध्ये बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सहलीतले आठ जण बुडून गेले. मोठी, शिकलेली माणसं होती ती. समुद्र वरून कसाही शांत दिसला तरी आतली ओढ आपल्याला दिसत नाही. नदीत, विहिरीत पोहायला येतं म्हणून समुद्रात पोहता येतं असं नाही. आमच्या वहीत हा नियम लाल शाईनं लिहिला: पाण्यात उतरायचं नाही, पाय भिजवायलासुद्धा नाही. आणि दुसरा: होडीत जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय बसायचं नाही, होडीत ठरलेल्यापेक्षा एकही माणूस जास्त घ्यायचा नाही. एका पालकांनी विचारलं, "मग समुद्रावर नेता कशाला?" मी म्हटलं, "बघायला." त्यांनी सही केली.

सामानाची यादी लहानच होती. पाण्याची बाटली, टोपी, डबा, आणि घाटासाठी आलेपाक व कागदी पिशव्या. (पिशव्या जास्तच घ्या. अनुभवाचे बोल!) औषधाच्या पेटीला मात्र आळस करू नका. सुनील गावसकर १९७१ मध्ये पहिल्यांदा वेस्ट इंडिजला गेले, तेव्हा बोटाच्या नखाजवळच्या जखमेनं त्यांचा पहिला कसोटी सामना हुकला होता. एवढीशी जखम! उरलेल्या चार सामन्यांत त्यांनी ७७४ धावा केल्या, ती गोष्ट वेगळी.

आणि पाहायचं काय, हे आधी वाचून ठेवलं. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचा पाया घातला. तीन वर्षांत तो उभा राहिला. बांधकामावर देखरेख हिरोजी इंदुलकरांची. पायाचे दगड बसवताना शिसं ओतलं असं सांगतात. तटाची लांबी तीन किलोमीटरच्या आसपास, उंची तीस फूट. दरवाजा असा वळणात लपवलेला की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं श्रीशिवराजेश्वराचं मंदिर आहे. तिथल्या मूर्तीत महाराजांना दाढी नाही आणि डोक्यावर नावाड्यासारखी टोपी आहे. आपल्या जिल्ह्याचं नातं म्हणाल, तर १८१२ मध्ये इंग्रजांकडे जाईपर्यंत हा किल्ला कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता.

शेवटी डिसेंबर आला. पहाटे पाचला सगळे हजर होते. ४५ पैकी ४५! घाटात अकरा पिशव्या लागल्या. दहा वाजता होडी सुटली. पंधरा-वीस मिनिटांचाच प्रवास, पण नेहमी बडबडणारी पोरं गप्प बसून लाटा बघत होती. आम्ही होडीवाल्या काकांना आधीच सांगून ठेवलं होतं, तासाभरात बोलावू नका, आम्हाला दोन तास हवेत. त्यांनी मानलं.

किल्ल्यावर तीन विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूकडं खारं पाणी आणि मध्ये गोडं कसं? पावसाचं पाणी जमिनीत मुरून साठतं म्हणून. बार्बाडोसलाही तसंच आहे. तिथला प्रवाळाचा चुनखडक पाऊस मुरवून घेतो आणि लोक ते पाणी वर काढून पितात. हे मी वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं.

पण शिकवणं निराळं. रस्त्यानं का आले नाहीत, असं विचारणारा तो चौथीतला मुलगा आधी तटावर चढला आणि स्वतःभोवती सावकाश एक गिरकी घेऊन आला. मग विहिरीतून काढलेलं पाणी त्यानं ओंजळीत घेतलं, जिभेवर टेकवलं, आणि खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं, "बाई, खरंच की ओ! गोडं हाय!"