पोटदुखी अ‍ॅसिडिटीचीच असते असं नाही

चाकण-म्हाळुंगे औद्योगिक पट्ट्यात एका खोलीत चार-सहा जण मिळून राहणारी पोरं पोट दुखलं की मेडिकलमधून अ‍ॅसिडिटीची गोळी आणतात. रात्रपाळी, अवेळी जेवण, मेसचं तिखट; कारण समोरच दिसत असतं. पण बेंबीभोवती कळा येतात, पोट फुगतं, मुरडा येतो, आंव पडते, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं, तेव्हा आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्यायलाच हवा.

जंत लहान मुलांनाच होतात, हा आपला पक्का समज. २०१५पासून चालणाऱ्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची गोळीही १ ते १९ वयापर्यंतच मिळते. आयटीआय करून विसाव्या वर्षी कंपनीत लागलेला मुलगा त्यातून सुटतो. जंत मात्र वय बघत नाही.

गोलकृमीचा प्रवास थक्क करणारा आहे. न धुतलेल्या कोथिंबिरीवरून त्याचं अंडं पोटात जातं. अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात पोहोचते, श्वासनलिकेतून घशापर्यंत चढते आणि पुन्हा गिळली जाते. मग आतड्यात गोलकृमीची मादी वीतभर, कधी त्याहूनही लांब वाढते आणि दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालते. जंतांचा गुंता झाला तर आतडंच तुंबतं.

जिआर्डिया तर नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. हा एकपेशीय जीव लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतो. मग स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, शौचाला घाण वास येतो. त्याचे कोष नेहमीच्या क्लोरीनने सहजी मरत नाहीत. पाणी उकळलं की मरतात. शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९पासून पाणी दिवसाआड येऊ लागलं. नळ बंद असताना दाब नसलेल्या, गळक्या पाइपात बाहेरचं घाण पाणी शिरू शकतं. शिवाय साठवण आली, आणि सोसायटीची टाकी कधी धुतली हे कुणाला ठाऊक नसतं. असाच दुसरा जीव, अमिबा, मोठ्या आतड्यात जखमा करतो; त्यामुळे यकृतात होणारं गळू तरुण पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं.

जंताची एक गोळी जिआर्डिया किंवा अमिबाला पुरत नाही, त्यांची औषधं वेगळी. म्हणून आधी शौचाची तपासणी हवी. लाजेपोटी ती टाळून लोक महागड्या तपासण्यांकडे वळतात, हे मला चुकीचं वाटतं. कोष रोज पडतातच असं नाही, त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावे लागतात.

दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलं आणि ताप आला, तर ते अपेंडिक्स असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवी पुढच्या वेळी मेडिकलऐवजी डॉक्टरांकडे जा, आणि शौचाची तपासणी करायची का, हे स्वतःहून विचारा.