माशाचा हलका पास्ता

'पास्ता' हा शब्द आतां आपल्या घरांत परका राहिलेला नाहीं. मुलांच्या तोंडीं तो आहेच. शिवाय संध्याकाळीं सात वाजतां कामावरून परतणाऱ्या माणसास तो सोयीचाही वाटतो. परंतु माशाचा पास्ता म्हटला कीं त्यांत वाटीभर मलई हवीच, अशी जी समजूत रूढ झाली आहे, तिच्याविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

प्रथम हिशेब पाहूं. पाकिटांतून मिळणाऱ्या मलईंत साधारणतः शेंकडा २५ भाग स्निग्धांश असतो. चार माणसांसाठीं २०० मिलिलिटर मलई घातली, तर सुमारें ५० ग्रॅम स्निग्धांश त्या एका जेवणांत आला. तिच्याऐवजीं ३०० मिलिलिटर टोन्ड दूध व एक मोठा चमचा तेल घेतलें, तर दोन्ही मिळून तो २३ ग्रॅमच्या आसपास राहतो. ज्यांना डॉक्टरांनीं तूप-लोणी जपून खाण्यास सांगितलें आहे, त्यांस हा फरक लहान नाहीं.

मग दाटपणा कोठून आणावयाचा? पास्ता कठीण जातीच्या गव्हाच्या रव्याचा करतात. आपल्याकडील शेवयांचा बन्सी गहू त्याच जातीचा. तो शिजतांना त्यांतील पिष्ट पाण्यांत उतरतें आणि पाणी गढूळ होतें. तें आपण मोरींत ओतून देतों! वस्तुतः तेल व पाणी एकत्र नांदत नाहींत. पण हें पिष्टमय पाणी घालून जोरानें ढवळलें, कीं तेलाचे सूक्ष्म कण त्यांत तरंगत राहतात व रस दाट, चकचकीत होतो. म्हणून पाणी बेताचेंच घ्यावें. ३०० ग्रॅम पास्त्यास अडीच लिटर पुरे.

रावस किंवा सुरमई ४०० ग्रॅम घ्यावी, कांटे काढून दोन बोटें रुंदीचे तुकडे करावेत व मीठ-मिरपूड लावून ठेवावी. पसरट कढईंत तेलावर चार पाकळ्या लसूण व एक बारीक चिरलेला कांदा मऊ करावा, तांबूस होऊं देऊं नये. त्यावर दोन लहान चमचे मैदा मिनिटभर परतून दूध थोडें थोडें घालीत ढवळावें. या मैद्यानें दाटपणास मदत होते आणि दूधही सहसा फुटत नाहीं. रसास उकळी येतांच आंच मंद करून मासे सोडावेत. माशाच्या मांसांतील जोडतंतु थोडे व कोमल असल्यानें तें चार-पांच मिनिटांत शिजतें. पुढें ठेवल्यास कोरडें पडतें. शिजलेले तुकडे हलक्या हातानें ताटलींत काढावेत, नाहींतर पुढील ढवळण्यांत त्यांचा भुगा होईल. पास्त्याच्या मध्यें बारीक कणी असतांनाच तो उपसून कढईंत टाकावा, त्याचें वाटीभर पाणी घालावें, आणि दोन मिनिटें मोठ्या आंचेवर सारखें हलवावें. विस्तव बंद केल्यावर लिंबू पिळावें, वर मासे मांडावेत. इटालियन लोक माशावर चीज घालणें बहुधा गैर मानतात. मलाही तें पटतें. ताज्या रावसाची चव त्याखालीं बुडते.

आतां एक अडचण. मासे व दूध एकत्र खाण्याचा निषेध चरकसंहितेंत आहे, आणि त्यानें अंगावर कोड उठतें असें पुष्कळ घरांत मानतात. पहिल्या खेपेस आमच्या वहिनींनीं याच कारणास्तव पान बाजूस सारलें. मीं वाद घातला. शरीराची रोगप्रतिकारशक्ति त्वचेंतील रंगपेशींवर उलटल्यानें कोड होतें, माशा-दुधानें नव्हे, हें आजचें वैद्यक सांगतें, आणि तें मीं मास्तरकीच्या आवाजांत त्यांस सांगितलें. माहिती बरोबर होती. पण त्या त्या रात्रीं दहींभात खाऊन उठल्या, त्याचें मला अजून वाईट वाटतें.

दुसऱ्या खेपेस दुधाच्या जागीं नारळाचा रस घेतला. मात्र पहिला, घट्ट रस नव्हे. तो मलईच्याच पंक्तीचा. चोथ्यांत पुन्हां कोमट पाणी घालून पिळलेला पातळ रस घेतला. दाटपणाचें काम मैद्यानें व पास्त्याच्या पाण्यानें केलें. वहिनींनीं दोनदां वाढून घेतलें. अद्याप त्या त्यास पास्ता म्हणत नाहींत, माशाच्या शेवया म्हणतात.