डायलिसिस : घाई कधी, सबुरी कधी?

आमचे मामू न्यूमोनियाने आयसीयूत होते. संसर्ग रक्तात पसरला, रक्तदाब घसरला आणि तिसऱ्या दिवशी लघवी अगदी कमी झाली. क्रिएटिनिन १.१ वरून ४.२ वर गेले. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला डायलिसिस सुरू होते, मामूंना मात्र नव्हते. "मशीन का लावत नाहीत? पैशांसाठी अडलंय का?" मुमानी रडत म्हणाल्या. शंका आम्हा सर्वांच्याच मनात होती. भाईजान तर भांडायलाच निघाले.

डॉक्टरांनी त्यांना बसवून सांगितले, "मशीन तयार आहे, पण आज गरज नाही. आम्ही दर सहा तासांनी तपासतोय." तेव्हा आमचे समाधान झाले नाही. पुढे माहिती घेतली तेव्हा उलगडा झाला. वाचक भगिनी-बंधूंवर अशी वेळ येऊ नये. पण आलीच, तर हे ठाऊक असावे.

वर्षानुवर्षे झिजलेली किडनी आणि गंभीर आजारात अचानक बंद पडलेली किडनी यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात मूळ आजार आटोक्यात आला की किडनी अनेकदा काही दिवसांत पुन्हा काम करू लागते. डायलिसिस रक्त शुद्ध करते, किडनी दुरुस्त करीत नाही. त्यासाठी मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेत जाड नळी घालावी लागते. रक्तदाब आणखी घसरणे, रक्तस्राव, नवा संसर्ग असे धोकेही असतात.

मग लवकर सुरू करावे की थांबावे? २०१६ मध्ये जर्मनीतल्या एका रुग्णालयात २३१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात लवकर डायलिसिसचा फायदा दिसला. त्याच वर्षी फ्रान्समधल्या ३१ आयसीयूंतील ६२० रुग्णांच्या अभ्यासात मृत्यूंत फरक आढळला नाही; उलट, थांबलेल्या गटातल्या जवळपास निम्म्या रुग्णांना डायलिसिस लागलेच नाही. २०२० मध्ये १५ देशांतील सुमारे ३००० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९० दिवसांत दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण सारखेच, सुमारे ४४ टक्के होते. मात्र वाचलेल्यांपैकी ९० दिवसांनंतरही डायलिसिसवर असलेले रुग्ण घाईच्या गटात १० टक्के, तर थांबलेल्या गटात ६ टक्के होते.

याचा अर्थ कितीही थांबावे असा नाही. २०२१ च्या फ्रेंच अभ्यासात त्याहून जास्त थांबण्याने काही लाभ झाला नाही, उलट धोक्याची शक्यता दिसली. औषधांनी न उतरणारे पोटॅशियम (त्याने हृदय थांबू शकते), रक्तातली तीव्र आम्लता, फुप्फुसांत पाणी साचून लागलेला दम, युरिया फार वाढून आलेली गुंगी किंवा झटके, यांपैकी काही असेल तर वेळ दवडता येत नाही.

म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. पोटॅशियम आणि आम्लता किती आहे? गेल्या चोवीस तासांत लघवी किती झाली? कोणती खूण दिसली की डायलिसिस सुरू कराल?

पाचव्या दिवशी मामूंची लघवी वाढू लागली. मशीन लागले नाही. शेजारच्या रुग्णाचे पोटॅशियम औषधांनी उतरत नव्हते, त्याला थांबणे परवडणारे नव्हते, हे त्याच्या मुलाकडून कळले. मुमानी आता कुणी विचारले की सांगतात, "भांडू नका. कशाची वाट बघताय, एवढं मात्र जरूर विचारा."