कांगारू भारतात राहतो का? पिशवीत पिल्लू कसं वाढतं? जाणून घ्या

एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला पश्चिम बंगालमध्ये सिलिगुडीजवळच्या रस्त्यावर कांगारू फिरतानाचे व्हिडिओ व्हायरल झाले. ते व्हिडिओ खरे होते. वन विभागाने तिथून तीन कांगारूंची सुटका केली. मग कांगारू भारतात आहेत का? जंगलात तर नाहीतच. जगात ते मूळचे फक्त ऑस्ट्रेलिया आणि शेजारच्या न्यू गिनी बेटावर आढळतात. बंगालमधले कांगारू तस्करीतून आले असावेत, असा संशय होता.

पिल्लू पिशवीत कसं वाढतं?

तांबड्या कांगारूच्या मादीला गर्भधारणेनंतर साधारण ३३ दिवसांनी पिल्लू होतं. ते जेमतेम वालाच्या दाण्याएवढं असतं आणि वजन एक ग्रॅमपेक्षाही कमी. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. तरी ते पुढच्या पायांनी आईची लव धरत स्वतःच पिशवीत पोहोचतं आणि सडाला चिकटतं. सुमारे सहा महिन्यांनी ते पहिल्यांदा बाहेर डोकावतं. पिशवी कायमची सोडायला आठ महिने लागतात. एकाच वेळी पिशवीत तान्हं पिल्लू आणि बाहेर मोठं पिल्लू असेल, तर आई दोघांना दोन वेगळ्या सडांतून वेगवेगळं दूध पाजते! पिशवी फक्त मादीलाच असते.

उड्या का मारतो?

मागच्या पायांतले कंडरा रबरासारखे ताणले जातात आणि पुढच्या उडीला जोर देतात. त्यामुळे कमी शक्तीत लांबचा पल्ला गाठता येतो. कोरड्या प्रदेशात गवत-पाण्यासाठी दूरवर जावं लागतं, तिथे हे फार उपयोगी. हळू चालताना मात्र शेपूट पाचव्या पायासारखी टेकवावी लागते. उन्हात अंग थंड ठेवायला कांगारू पुढचे पाय चाटतो.

आपल्याकडे आणला तर?

बाहेरून आलेलं काहीच इथे रुजत नाही, असं नाही. केळव्याच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडं बघा. सुरूच्या मूळ प्रदेशात ऑस्ट्रेलियाही येतो, पण आता केळवे म्हटलं की सुरूचं बन आठवतं. कांगारूचं तसं नाही. तो कळपाने, मोकळ्या माळावर जगणारा प्राणी आहे. पाठलाग आणि पकडापकडीचा ताणच त्याच्या जिवावर बेतू शकतो. घाबरलेल्या मादीच्या पिशवीतून पिल्लू खाली पडतं, आणि लहान पिल्लू पिशवीबाहेर जगत नाही.

म्हणून ‘गोंडस’ परदेशी प्राणी विक्रीला असल्याची पोस्ट दिसली, तर ती पुढे पाठवू नका. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.