दोन परंपरा, एक पाळक

मुरुडला लेखक जातो तो बहुधा अण्णासाहेब कर्व्यांसाठी. संपादकांनी मलाही त्याच कामाला धाडलं होतं. पण या गावाच्या दोन बाजूंना दोन वेगळी ख्रिस्ती मिशनं काम करून गेली, हे लक्षात आलं आणि लेखाची वाट बदलली. किनाऱ्याने उत्तरेला हर्णै, तिथे स्कॉटिश मिशन. चढ चढून दापोली, तिथे अँग्लिकनांच्या एस.पी.जी. मिशनची शाळा. दोघांचा देव एक, बायबल एक; पण एकाचा धर्मगुरू दुसऱ्याच्या वेदीवर प्रभुभोजन देऊ शकत नसे. ही अडचण पुढे कशी सुटली, याची ही हकिकत.

इतिहास थोडक्यात सांगतो. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा डोनाल्ड मिचेल १८२३ साली आला आणि त्याच वर्षी वारला. त्याच्या मागून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णैला ठाणी मांडली. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्याचं नाव आहे तो जॉन विल्सन १८२९ मध्ये मराठी शिकला तो याच दोन गावांत. दापोलीच्या मिशन शाळेत पुढे पां. वा. काणे शिकले, साने गुरुजीही शिकले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारा विद्वान मिशन शाळेतून निघावा, ही गंमत कोकणालाच शोभते.

पण मला खिळवून ठेवलं ते दीक्षेच्या प्रश्नाने. अँग्लिकनांचं म्हणणं असं की पाळकाच्या डोक्यावर बिशपने हात ठेवले पाहिजेत. तो बिशपही आधीच्या बिशपांच्या हातून आलेला हवा. स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांकडे बिशप नाहीच. तिथे पाळक आणि वडीलजन सभेत बसून कारभार चालवतात, आणि दीक्षा देतात तेही पाळकच. अशा दोन मंडळ्यांना एक व्हायचं असेल तर एकाने दुसऱ्याची दीक्षा अपुरी मानायची का? तसं म्हटलं की आयुष्यभर बाप्तिस्मे दिलेल्या म्हाताऱ्या पाळकाला नवशिका ठरवल्यासारखं होतं. न म्हणावं, तर समोरचा आपलं तत्त्व सोडायला तयार नाही.

दक्षिणेत १९४७ साली चर्च ऑफ साउथ इंडिया उभं राहिलं, तेव्हा जुन्या पाळकांना पुन्हा दीक्षा न देता आहेत तसे स्वीकारलं आणि तीस वर्षांची मुदत ठेवली. तोवर दोन्ही प्रकारचे पाळक एकत्र नांदतील, असा तोडगा. उत्तरेकडच्या मंडळ्यांनी दुसरी वाट काढली. १९२९ पासून चाललेल्या वाटाघाटींनंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ मध्येच एक झाल्या होत्या. आता अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट त्यांच्याबरोबर आले. सेवकवर्ग एक करण्याच्या विधीत सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले. बिशपांचीही सुटका नव्हती. कोणाच्या दीक्षेत काय उणं होतं, हे प्रार्थनेत मुद्दामच उच्चारलं नाही. ज्याला जे हवं ते देवाने द्यावं, एवढंच मागितलं. ही संदिग्धता काहींना पळवाट वाटली. मला ती सभ्यता वाटते. इंग्लंडमध्ये अँग्लिकन आणि मेथडिस्ट यांची जवळजवळ अशीच योजना १९६९ आणि १९७२ मध्ये मतदानात पडली. इथे ती तरली.

बाप्तिस्म्याचं कोडंही असंच सोडवलं. तान्ह्या बाळाला द्यायचा की जाणत्या वयात पाण्यात बुडवून? दोन्ही चालतील, असं ठरलं. ज्याच्या सदसद्विवेकबुद्धीला एक पटत नाही त्याच्यावर सक्ती नाही.

कागदावर इतकं सुबक जमलेलं प्रत्यक्षात अडखळलं. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट १९७० मध्येच ऐनवेळी मागे फिरले. लुथरन मंडळ्या तर या विलीनीकरणात आल्याच नाहीत. त्यांनी आपापली स्वायत्तता राखून महासंघ केला आणि इतर मंडळ्यांशी सहकार्य ठेवलं ते नागपूरला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत. आणि मग आली जमीन. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की नुसत्या ठरावाने नोंदणीकृत संस्थेची मालमत्ता नव्या मंडळीकडे जात नाही. संस्थांचा आणि सार्वजनिक न्यासांचा कायदा पाळावाच लागतो. प्रार्थनेत न उच्चारलेली गोष्ट सातबाऱ्यावर मात्र नावासकट लिहावी लागते, हे कोकणात वेगळं सांगायला नको. भाऊ एका ताटात जेवतात आणि बांधावर भांडतात, तसं हे झालं.

मिशनांनी बांधलेल्या शाळा, दवाखाने, प्रार्थनामंदिरं एकेकाळी गावाबाहेर होती. आता तीच जागा मोक्याची आहे. न्यास कोणाचा, विश्वस्त कोण, सही कोणाची, यावरून मंडळीत दोन तट पडले की पाळकाचा वेळ प्रवचनाऐवजी वकिलाकडे जातो. ज्यांनी दीक्षेसारखा अवघड प्रश्न विनयाने सोडवला, त्यांना हिशेबाची वही एकमेकांसमोर उघडणं अवघड का जावं?

माझं मत स्पष्ट आहे. १९७० चा तोडगा आपल्याकडच्या धार्मिक समजूतदारपणाचा मोठा नमुना आहे आणि मराठी वाचकाला तो माहीत असायला हवा. पण तो टिकायचा असेल तर गावोगावच्या मंडळ्यांनी आपले न्यास, दस्त आणि जमाखर्च आजच नीट लावून ठेवावेत. कोर्टाची तारीख पडल्यावर ते काम होत नाही.