राजनिष्ठ बॉस्टन किंग

इ. स. १७७५ ते १७८३ या काळात अमेरिकेतील तेरा वसाहतींनी ब्रिटनविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध केले. या युद्धात जे वसाहतवासी ब्रिटनच्या राजाच्या पक्षाला राहिले, त्यांना 'राजनिष्ठ' म्हणतात. युद्धानंतर त्यांपैकी हजारो लोक कॅनडात जाऊन वसले. त्यांत सुमारे ३,००० कृष्णवर्णीय होते. बॉस्टन किंग हा त्यांपैकीच एक.

त्याचा जन्म १७६० च्या सुमारास दक्षिण कॅरोलायनात एका गुलाम कुटुंबात झाला. वडिलांना बालपणीच आफ्रिकेतून पळवून आणले होते. आई वनौषधींची जाणकार असून आजाऱ्यांची शुश्रूषा करी. सोळाव्या वर्षी बॉस्टनला सुतारकाम शिकण्यास ठेवले. तेथे खिळे चोरीस गेले की त्याला अमानुष मार बसे. बंडखोर मालकांना सोडून येणाऱ्या गुलामांना ब्रिटिशांनी आश्रय देऊ केला होता. १७८० मध्ये बॉस्टन त्यांच्या छावणीत पळून गेला. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्याने व्हायोलेट या पूर्वी गुलाम असलेल्या स्त्रीशी विवाह केला.

१७८३ मध्ये तह झाला. ब्रिटिशांनी गुलामांना सोबत नेऊ नये, असे त्यात कलम होते. मालक आपले गुलाम शोधत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फिरू लागले, तेव्हा या दांपत्याची झोप उडाली. परंतु दिलेले वचन मोडण्यास सेनापती गाय कार्लटन याने नकार दिला. मुक्ततेचे दाखले घेऊन पतिपत्नी जहाजाने नोव्हा स्कोशियातील बर्चटाउन येथे पोहोचली.

तेथे स्वातंत्र्य होते. अन्न मात्र नव्हते. गोऱ्या राजनिष्ठांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांना जमीन उशिरा, थोडी आणि खडकाळ मिळाली. अनेकांना मिळालीच नाही. दुष्काळात माणसे रस्त्यात कोसळून मरू लागली. उपाशीपोटी बॉस्टनने एक लाकडी पेटी तयार केली आणि खोल बर्फ तुडवीत गिऱ्हाइकाकडे नेली. ती नापसंत झाल्याने त्याने दुसरी घडवली. तिच्या मोबदल्यात मका मिळाला, तेव्हा घरातील चूल पेटली.

१७९२ मध्ये सुमारे १,२०० कृष्णवर्णीय राजनिष्ठ पंधरा जहाजांतून आफ्रिकेतील सिएरा लिओनला गेले. त्यांत हे दांपत्यही होते. तेथे पोहोचल्यावर थोड्याच काळात व्हायोलेट तापाने मरण पावली. बॉस्टन मात्र शिक्षक व धर्मोपदेशक झाला. १७९८ मध्ये त्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले.

ज्या खंडातून पित्याला बळाने नेले होते, तेथे पुत्र स्वतंत्र मनुष्य म्हणून परतला. इतिहास त्याला राजनिष्ठ म्हणतो. त्याची खरी निष्ठा स्वातंत्र्यावर होती.